क्रँकबेटसाठी रिळाचा ड्रॅग किती ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याकडच्या कण्हेर, धोम, उरमोडी धरणांच्या काठावर किंवा सांगलीकडे कृष्णेवर ल्यूर (बनावट आमिष) टाकणारी पोरं आता बरीच झाली आहेत. बहुतेकांची सुरुवात मरळीसाठी रबरी बेडकापासून होते आणि वर्षभरात बॉक्समध्ये दोन-चार क्रँकबेट (पुढे जीभ असलेले, ओढले की बुडून डुलत चालणारे माशाच्या आकाराचे कडक ल्यूर) येतात. मग तक्रारी सुरू होतात: मासा लागतो आणि सुटतो, गळ सरळ होतो, लाईन तुटते. यातल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ ड्रॅगमध्ये असतं, असं माझं ठाम मत आहे. पुढची उत्तरं त्याच मताने लिहिली आहेत.

ड्रॅग म्हणजे नेमकं काय?

रिळाच्या आत चकत्यांची एक चळत असते. फेल्टच्या किंवा कार्बनच्या चकत्या आणि त्यांच्या मधे धातूच्या. नॉब आवळला की त्या एकमेकींवर दाबल्या जातात, घर्षण वाढतं आणि स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली फिरकी, जड फिरतो. माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की चकत्या घसरतात आणि लाईन बाहेर जाते. तो जोर किती, हे तुम्ही नॉबने ठरवता. स्पिनिंग रिळात (रॉडच्या खाली लटकतं ते) नॉब बहुधा स्पूलच्या तोंडाशी असतो, काहींत मागच्या बाजूला. बेटकास्टिंग रिळात (रॉडच्या वर बसतं ते) हँडलजवळची चांदणी फिरवायची.

बेडूक टाकताना ड्रॅग पूर्ण आवळलेला असतो. क्रँकबेटला तोच का चालत नाही?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेडूक आपण शेवाळात, जलपर्णीत, कमळाच्या पानांवर टाकतो. त्याला जाड तारेचा दुहेरी गळ असतो, रॉड दांडगा असतो, ब्रेड, म्हणजे धाग्यांची विणलेली लाईन, चाळीस-पन्नास पौंडांच्या ओढीला तुटणारी असते. मरळ लागली की तिला वनस्पतीत शिरू न देता वरच्या वर ओढून काढायचं असतं. तिथे ड्रॅग सुटला तर मासा गेलाच. म्हणून आवळलेला ड्रॅग तिथे बरोबर आहे.

क्रँकबेटचं सगळंच वेगळं. त्याच्या पोटाला आणि शेपटीला बारीक तारेचे तीन तोंडांचे गळ, म्हणजे ट्रेबल, असतात. तीन तोंडं असल्यामुळे मासा पटकन अडकतो, पण प्रत्येक टोक लहान असतं आणि फार खोल जात नाही. बऱ्याचदा एखादंच टोक ओठाच्या कडेला किंवा गालाच्या पातळ कातडीत लागलेलं असतं. त्या कातडीला जोराचा ताण सोसत नाही, ती फाटते. शिवाय मासा डोकं झटकतो तेव्हा क्रँकबेटच्या कडक अंगाचाच तरफेसारखा उपयोग होतो आणि गळ उचकटला जातो.

एखादा सुटलेला क्रँकबेट हातात घेऊन बघा. शेपटीच्या ट्रेबलचं एक टोक बाहेर वळलेलं असतं, टोकावर नखाएवढा कातडीचा पापुद्रा असतो आणि लाईन मात्र धडधाकट. म्हणजे या साखळीत सगळ्यात कच्चा दुवा गळाची पकड आहे. ड्रॅग त्या दुव्याला सोसेल एवढाच ठेवायचा. लाईन किती ओढू शकते हा विचार दुसरा.

एकाच रिळावर आधी बेडूक आणि मग क्रँकबेट टाकणाऱ्यांनी तर ल्यूर बदलताना ड्रॅग बदलायची सवय हाताला लावून घ्यावी.

मग आकडा किती?

साध्या तंगुसासाठी (नायलॉनची एकेरी लाईन) जुना हिशोब असा, की लाईन जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तीस टक्के ड्रॅग. क्रँकबेटला मी पाव भागाच्या वर जात नाही, वीस टक्क्यांपासून सुरू करतो.

दहा पौंडी लाईन म्हणजे साधारण ४.५ किलो. तिला ९०० ग्रॅम ते १.१ किलो. बारा पौंडी म्हणजे ५.४ किलो. तिला १.१ ते १.३५ किलो. पंधरा पौंडी म्हणजे ६.८ किलो, तिला १.३५ ते १.७ किलो. बोटाएवढे छोटे क्रँकबेट असतील, त्यांचे ट्रेबलही चिमुकले असतील, तर लाईन कितीही जाड असो, ८०० ग्रॅम ते १ किलोच्या वर जाऊ नका.

हे आकडे ऐकून लोकांना वाटतं फारच सैल झालं. एक किलोचा ताण हातात किती लागतो ते एकदा बघा. रॉड चांगला वाकतो. दोन किलोची मरळ पाण्यात असताना तिचं वजन पाण्यानेच पेललेलं असतं. तुम्हाला फक्त तिच्या पोहण्याच्या जोराला दमवायचं असतं, आणि सतत एक किलोच्या ताणाविरुद्ध पोहणारा मासा लवकर थकतो.

माझ्याकडे वीस-तीस पौंडी ब्रेड आहे. तिचा पाव भाग धरायचा का?

नाही. वीस पौंड म्हणजे ९ किलो, त्याचा पाव भाग सव्वादोन किलो. एवढा ताण साध्या ट्रेबलला आणि माशाच्या ओठाला जास्त होतो. वर ब्रेडला ताण खाणारी लवचीकताच नाही. तंगूस थोडा ताणला जातो आणि माशाचा झटका मधल्या मधे पचवतो, ब्रेड तो झटका सरळ गळावर पोचवते. म्हणून ब्रेड असेल तर आकडा गळावरून ठरवा: १ ते १.४ किलो. पुढे दीड-दोन मीटर तंगुसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे ब्रेड आणि ल्यूरमधला जोडतुकडा, लावा. आपल्याकडच्या धरणांत दगड भरपूर आहेत, त्यावर ब्रेड घासली की लगेच उसवते, हे लीडरचं दुसरं कारण.

रॉडचाही इथे संबंध येतो. क्रँकबेटला मधून वाकणारा रॉड बरा. फक्त टोकाला वाकणारा कडक रॉड आणि ब्रेड अशी जोडी असेल, तर मी वरच्या आकड्यातून आणखी शंभर-दीडशे ग्रॅम कमी करतो.

काट्याने ड्रॅग मोजायचा कसा?

रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा ताणकाटा किंवा प्रवासाची बॅग मोजायचा डिजिटल काटा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि रिळाच्या पेटीवर छापलेल्या आकड्यांपेक्षा खरं सांगतो. पेटीवर जो आठ किलो, दहा किलो ड्रॅग लिहिलेला असतो तो रिळाची कमाल मर्यादा असते. तुमच्या कामाचा आकडा त्याच्या खूप खाली आहे.

लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून घ्या. टोकाला गाठ मारून फास करा आणि तो काट्याच्या हुकात अडकवा. क्रँकबेट लावून मोजायला जाऊ नका, ट्रेबल हातात घुसतात. आता सोबतच्या माणसाला काटा धरून पाच-सहा पावलं लांब उभं करा. तुम्ही रॉड मासा लढवताना धरता तसा, साधारण पंचेचाळीस अंशात वर धरा. रिळाचं हँडल स्थिर ठेवा. समोरच्याने सावकाश, एकसारखं मागे सरकायचं.

काट्यावर आकडा चढत जाईल. स्पूल सुटेल त्या क्षणी तो सगळ्यात वर असेल आणि लाईन वाहू लागली की थोडा खाली येऊन स्थिरावेल. दोन्ही आकडे लक्षात ठेवा. तुमचा ड्रॅग म्हणजे लाईन वाहतानाचा आकडा. सुटतानाचा आकडा त्याच्यापेक्षा फार वर जात असेल, समजा वाहताना १.१ आणि सुटताना १.८, तर रिळाच्या चकत्या साफ करायची वेळ आली आहे.

हे तीनदा करा, कारण पहिली ओढ बहुतेक वेळा चुकीची येते. चकत्या रात्रभर दबून चिकटलेल्या असतात.

रॉड वाकवूनच मोजायचं कारण असं, की वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर लाईन घासते आणि माशाला प्रत्यक्षात लागणारा ताण वाढतो. रिळातून सरळ ओढून मोजलं तर आकडा कमी दिसतो आणि पाण्यावर तो जास्त भरतो.

काठावर काटा नसेल तर?

घरी काट्याने ड्रॅग बसवल्यावर लगेच रिळाच्या पुढची लाईन हाताने ओढून बघा. तो जोर बोटांना ओळखीचा होऊ द्या. मग नॉब सैल करा, डोळे मिटून पुन्हा अंदाजाने आवळा आणि काट्यावर तपासा. काही दिवसांत हात शंभर-दोनशे ग्रॅमच्या फरकाने बरोबर सांगू लागतो. काट्यावर एकदाही न मोजता केलेला हाताचा अंदाज मात्र बेभरवशाचा असतो, आणि तो बहुतेकांचा घट्टच्या बाजूला झुकतो.

एक लीटर पाण्याची भरलेली बाटली हाही चांगला मार्ग आहे. वजन एक किलोच्या किंचित वर. रॉड वर धरून ती लाईनला बांधा आणि सावकाश उचला. बाटली जमिनीवरून जेमतेम उठून स्पूल हळूहळू सुटत असेल तर तुम्ही एक किलोच्या आसपास आहात.

खोल जाणारा क्रँकबेट ओढताना ड्रॅग आपोआप सुटतो. घट्ट करू का?

लांब, रुंद जिभेचे क्रँकबेट तीन-चार मीटर खाली जातात आणि पाण्याला चांगलेच अडतात. ड्रॅग फार सैल असेल तर हँडल फिरतं, लाईन मात्र आत येत नाही. स्पिनिंग रिळात हे घातक आहे, कारण स्पूल घसरत असताना हँडल फिरवलं की प्रत्येक फेरीला लाईनला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो.

अशा वेळी आधी ओढायचा वेग कमी करा. खोल क्रँकबेटला फार वेग लागतही नाही. तरी सुटत असेल तर पाव-पाव फेरा आवळत जा आणि ल्यूर एकसारखा ओढताना स्पूल सुटायचं थांबेल तिथे थांबा. नंतर काट्यावर तो आकडा बघा. दीड किलोच्या वर जात असेल तर तो क्रँकबेट तुमच्या त्या लाईनला आणि रॉडला जड आहे. वेगळा सेट घ्या किंवा लहान जिभेचा टाका. बेटकास्टिंग रिळ असेल तर ५:१ च्या आसपासचं (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे पाच फेरे) कमी गिअरचं रिळ अशा ओढीला हाताला हलकं पडतं.

मासा लागला की झटका मारायचा का?

बेडकावरची सवय इथेही नडते. क्रँकबेट चालत असताना मासा धरतो तेव्हा ट्रेबल बहुतेक वेळा स्वतःच लागलेले असतात. हँडल फिरवत राहा आणि रॉड बाजूला, पाण्याला समांतर असा ओढत घ्या. त्या ओढीत स्पूल जरासा ‘कर्र’ करून थांबला तर ड्रॅग छान बसला आहे. भसाभस लाईन गेली तर सैल, अजिबात आवाज नाही आला तर घट्ट.

मासा लाईन घेऊन पळतोय. नॉब आवळू?

हात नॉबकडे जातो, ते साहजिक आहे, पण जाऊ देऊ नका. यामागे साधं गणित आहे. लाईन बाहेर गेली की स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास कमी होतो. ड्रॅगचं घर्षण तेवढंच राहतं, पण लहान व्यासावरून तेच घर्षण सोडवायला जास्त ओढ लागते. भरलेली गुंडाळी ४० मिलिमीटरची होती आणि ती ३० वर आली, तर १.२ किलोचा ड्रॅग १.६ किलोचा होतो, तुम्ही काहीही न करता. लांब गेलेल्या लाईनला पाण्याची अडवणूकही होते, तिचा ताण वेगळा. अशात नॉब आवळला की गळ उपटतो.

थोडा जादा जोर हवाच असेल, मासा खडकाकडे किंवा बुडालेल्या बाभळीकडे निघाला असेल, तर बोटं वापरा. स्पिनिंग रिळात स्पूलच्या कडेला खालून तळवा हलका टेकवा, बेटकास्टिंगमध्ये अंगठा. हा जोर क्षणात काढता येतो. नॉब मात्र गडबडीत किती फिरवला ते कळत नाही.

मासा पायाशी आल्यावर ड्रॅग बदलायचा का?

मी पाव फेरा सैल करतो. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त मासे सुटतात. लाईन आखूड असते, ताणायला काही शिल्लक नसतं, आणि मरळ जाळी किंवा माणूस दिसताच शेवटची उसळी घेते. त्या उसळीला लाईन मिळाली पाहिजे.

जाळीने घ्या. ट्रेबल लटकत असलेला मासा लाईन धरून उचलू नका. लांब तोंडाची पक्कड हाताशी ठेवा, आणि मासा सोडून द्यायचा असेल तर गळांचे उलटे काटे आधीच पकडीने दाबून ठेवा. माशाचं आणि तुमच्या बोटाचं, दोन्हींचं भलं होतं.

महाशीरसाठी किती?

कृष्णेच्या खोऱ्यातला महाशीर ताकदीने पळणारा मासा आहे. त्याची पहिली धाव लांब असते, आणि जबडा असा की कारखान्यातून आलेले बारीक ट्रेबल चेपले जातात. आधी गळ आणि त्यांना ल्यूरशी जोडणाऱ्या रिंगा जाड तारेच्या लावा, मग ड्रॅग १.८ ते २.३ किलोपर्यंत न्या. त्या मानाने लाईनही वीस पौंडांची हवी. गळ न बदलता नुसता ड्रॅग वाढवलात तर काही उपयोग नाही. या माशाला आकड्यापेक्षा ड्रॅगचा गुळगुळीतपणा जास्त महत्त्वाचा: धाव सुरू होताच स्पूल न अडखळता सुटला पाहिजे. आणि महाशीर सोडून द्या, ही माझी कळकळीची विनंती. नद्यांवर बांध पडले, वाळू गेली, पाणी खराब झालं. मोठी मादी परत पाण्यात गेली तरच पुढची पिढी दिसेल.

मरळीसोबत पिल्लांचा लालसर घोळका दिसतो. तिथे टाकू का?

नको. पिल्लांना जपणारी मरळ भुकेने नाही, राखणीसाठी ल्यूरवर तुटून पडते. तिला काढलं की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात.

ड्रॅग अडखळत, झटके देत सुटतो. काय झालं असेल?

चकत्या कोरड्या पडल्या असतील, त्यांत गाळ गेला असेल किंवा त्या महिनोन्‌महिने दाबलेल्या राहून चपट्या झाल्या असतील. पावसाळ्यानंतर कृष्णेच्या काठावर रिळ चिखलात ठेवलं तर बारीक गाळ आत जातोच. नॉब काढा, चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फेल्टच्या चकत्यांना पातळ तेल-ग्रीस लागतं. कार्बनच्या कोरड्याही चालतात, किंवा त्यांना खास ड्रॅगसाठीचं ग्रीस अगदी पुसटसं लावतात. गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका.

नॉब पूर्ण आवळला तरी लाईन सुटतेच!

ब्रेड आहे ना? मग बहुधा ड्रॅग ठीक आहे आणि लाईनची सगळी गुंडाळीच गुळगुळीत स्पूलवर फिरते आहे. स्पूलवर खूण करून बघा: लाईन जाताना खूण जागेवरच राहिली तर हेच कारण. ब्रेड काढा, खाली काही मीटर तंगूस गुंडाळा आणि त्याला ब्रेड जोडा.

क्रँकबेट खडकात अडकला, ड्रॅग आवळून ओढू का?

रॉडने ओढू नका, रॉड मोडतो. आधी लाईन ढिली सोडा, बरेच क्रँकबेट तरंगणारे असतात आणि आपसूक मागे सरकून सुटतात. नाहीच सुटला तर बाजू बदलून ओढा. शेवटी लाईन एखाद्या काठीला गुंडाळून सरळ रेषेत ताणा, तोंड दुसरीकडे वळवा. हाताला ब्रेड कधीच गुंडाळू नका, मांसापर्यंत कापते. सुटलेला ल्यूर गोफणीसारखा परत येतो आणि त्याला सहा टोकं असतात.

ल्यूर सोडवायला पाण्यात उतरू नका. भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, आणि दोन-तीनशे रुपयांच्या प्लॅस्टिकसाठी गुडघाभर पाण्यात जाणं मूर्खपणाचं आहे. धरणातून पाणी सोडलं की पात्राची पातळीही बघता बघता चढते.

परवानगी लागते का?

धरणांच्या जलाशयात मासेमारीचे हक्क सहसा मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्या संस्थेला विचारूनच बसा. बहुतेक ठिकाणी सरळ बोललं की लोक अडवत नाहीत, आणि मासा कुठे फिरतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्यांच्या जाळ्यांच्या जवळ ल्यूर टाकू नका, ट्रेबलने जाळं फाटतं आणि ते त्यांचं पोट आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. त्या हद्दीत गळ घेऊन जायचंच नाही.

घरी आल्यावर ड्रॅग सैल करायचा का?

हो, दर वेळी. मात्र क्रम पाळा. रिळ पुसायचं किंवा वरून हलकं पाणी मारायचं असेल तर आधी नॉब हाताने बंद करा, म्हणजे पाणी चकत्यांपर्यंत जात नाही. बादलीत बुडवू नका. पुसून, सावलीत वाळवून झालं की नॉब पूर्ण सैल करा, स्पूल बोटाने सहज फिरेल इतका. पुढच्या खेपेला निघण्याआधी काटा लावून पुन्हा बसवा. नॉबवर मार्करने खूण करून ठेवणारे काही जण आहेत, पण चकत्या झिजतात, ग्रीस सुकतं, उन्हाळ्यात आणि थंडीत फरक पडतो, त्यामुळे त्या खुणेवर मी विसंबत नाही.